क्रॉफ्टनचं इंजिन आणि परळचा आगवाला

इंग्लंडमधल्या विल्टशायरला ग्रेट बेडविन नावाचं गाव आहे. तिथल्या स्टेशनावर उतरून केनेट-एव्हन कालव्याच्या काठाने, पूर्वी नावा ओढणारे घोडे चालायचे त्याच वाटेने, रमतगमत क्रॉफ्टनला जाता येतं. उतरती शेतं, शेजारून धावणारी रेल्वे, थोड्या थोड्या अंतरावर लॉकची, म्हणजे नावा वर-खाली चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या पाण्याच्या कोठ्यांची, जाड लाकडी दारं. आणि मग विटांची इमारत आणि ८२ फुटी चिमणी.

कालवा इथे टेकडी ओलांडतो, म्हणून ही इमारत. माथ्यावरून नाव कुठल्याही बाजूला उतरली, तरी प्रत्येक लॉकला त्याच्याएवढं पाणी खाली जातं, आणि माथ्यावर ते भरून काढायला नदी नाही. मूळ बेत खालून लांब बोगदा खणण्याचा होता. खर्च वाचावा म्हणून विल्यम जेसप या अभियंत्याने बोगदा आखूड करायला आणि कालव्याचा माथा उंच ठेवायला सुचवलं. मग पाणी सुमारे ४० फूट वर चढवण्याचं काम वाफेकडे आलं. १८०९ साली पहिलं इंजिन चाललं. १८१२ साली बोल्टन आणि वॅट यांचं दुसरं बसलं, ते आजही चालतं. जिथे बसवलं तिथेच उभं असलेलं आणि नेमलेलं काम अजून करू शकणारं वाफेचं एवढं जुनं इंजिन जगात दुसरं नाही.

बॉयलर ठरावीक दिवशीच पेटवतात. मी गेलो तेव्हा एक वृद्ध स्वयंसेवक पाळीवर आले होते. कोळशाला हात लावण्याआधी ते बॉयलरच्या तोंडाशी उभ्या असलेल्या पाण्याच्या काचेपाशी गेले. खालचा कॉक उघडून काचेतलं पाणी फुसकन बाहेर सोडलं, कॉक बंद केला आणि पाणी पुन्हा पातळीवर चढेपर्यंत डोळा हलवला नाही.

हे मी आजोबांच्या तोंडून ऐकलं होतं. ते परळच्या एका गिरणीत आगवाला होते आणि तिथला बॉयलरही याच, लँकेशायर जातीचा, पोटात दोन भट्ट्या असलेला. ‘आधी काच बघायची, मग आग,’ असं ते सांगत. नळी तुंबली तर काच खोटं पाणी दाखवते. आत पाणी कमी आणि आगवाला निवांत, यासारखा धोका नाही. दोन्ही भट्ट्यांत एकदम कोळसा टाकायचा नाही, एक रसरसलेली असताना दुसरीला द्यायचा. निखाऱ्यांचा थर पातळ आणि सारखा हवा. चिमणीतून काळा धूर निघाला की मोठे साहेब नंतर बोलणार, आजोबांना स्वतःलाच आधी वाईट वाटायचं. गिरणीचा भोंगा साऱ्या परळला उठवायचा, पण त्याच्याआधी उठून वाफ तयार ठेवणारा माणूस कुणाच्या ध्यानात नसे. पाचशे-हजार मागांची खाती आपल्या फावड्यावर चालतात, ही गोष्ट ते न फुगता, हिशोब सांगावा तशी सांगत.

क्रॉफ्टनचे स्वयंसेवकही तसंच सांगत होते. वर अवजड लोखंडी तुळई डुलत होती. तिच्या एका टोकाला पिस्टन, दुसऱ्याला विहिरीत उतरलेला पंपाचा दांडा. दर फेऱ्याला टनभराच्या आसपास पाणी वर येतं आणि पाटातून मैलभर वाहत माथ्याला मिळतं. पूर्वी सॉमरसेटचा कोळसा नावांनी याच कालव्यातून यायचा. पुढे रेल्वे आली आणि १८५२ साली कालवाच रेल्वे कंपनीच्या हाती गेला. १९५८ साली चिमणीचा धोकादायक झालेला वरचा भाग उतरवला (तो पुढे पुन्हा बांधला गेला), भट्टीला ओढ मिळेना, विजेचे पंप आले. १९६८ साली कालव्याच्या ट्रस्टने इमारत विकत घेतली आणि १९७० साली कवी जॉन बेट्जमन यांच्या हस्ते इंजिन पुन्हा सुरू झालं. विजेचे पंप बिघडले तेव्हा या म्हाताऱ्या इंजिनाने पाणी चढवलेलं आहे.

जवळच विल्टनच्या टेकडीवर विटांची पवनचक्की आहे, १८२१ सालची. कालव्याने ओढ्याचं पाणी घेतलं आणि खोऱ्यातल्या पाणचक्क्या बंद पडल्या, म्हणून ती बांधावी लागली. ती बघितल्याशिवाय क्रॉफ्टन पुरतं कळत नाही, असं माझं मत आहे.

मला तिथे सर्वांत मोलाचं वाटलं ते हे, की भट्टीपाशी एक तरुण मुलगी फावडं मारत होती आणि ते वृद्ध गृहस्थ तिला थराची जाडी दाखवत होते. लोखंड दोनशे वर्षं टिकलं याचं श्रेय अशा शिकवणीला आहे. आमच्या गिरणगावात १९८२ च्या संपानंतर एकेक चिमणी पडत गेली, बॉयलर भंगारात गेले. आजोबांना जे येत होतं ते आम्हा नातवंडांपैकी कुणी लिहून ठेवलं नाही.

ज्यांच्या घरी गिरणीत, गोदीत, साखर कारखान्यात किंवा रेल्वेच्या लोकोशेडमध्ये वाफेवर काम केलेलं माणूस अजून आहे, त्यांनी याच महिन्यात शेजारी बसून त्यांना विचारावं: पाळीवर आल्यावर पहिलं काय करायचात, हात कुठे भाजायचा, आवाजावरून काय ओळखायचात. आणि सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावं.