सूर आधी, आवाज नंतर

औंढा नागनाथजवळच्या दुधाळ्याच्या शिवारात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहायची आहे. काटकोनात मांडलेल्या दोन नळ्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांब, आत निर्वात पोकळी आणि लेझरचा झोत. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळ फिरलं ते याच औंढ्यात, आणि त्याची खूण म्हणून देवळामागचा नंदी आजही दाखवतात. सुराने दगड हलवल्याची कथा जिथली, तिथेच आता अवजड ताऱ्यांच्या हालचालीतून सूर काढणार, हा योग कुणाच्याही मनात येईल. मला मात्र त्याहून थक्क करणारा धागा पुण्यात सापडला.

आकाशाच्या संगीताची कुळकथा सांगताना लोक पायथागोरसपासून सुरुवात करतात आणि केप्लरच्या १६१९ च्या ‘हार्मोनिसेस मुंडी’ला नमस्कार करून पुढे येतात. ही वंशावळ मला पटत नाही. केप्लरने ग्रहांच्या गतींची गुणोत्तरं स्वरांत लिहिली, पण कोणता आकडा कोणता स्वर हे त्यानेच ठरवलं होतं. गुरुत्वीय लहरींचं तसं नाही. त्या हवेतला आवाज नसल्या, तरी कृष्णविवरांच्या जोडीच्या शेवटच्या घिरट्यांची कंपनसंख्या नेमकी माणसाच्या कानाच्या टप्प्यात पडते. यंत्रातली नोंद सरळ स्पीकरला जोडता येते.

१४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या दोन लायगो यंत्रांनी टिपलेली पहिली लहर ३५ हर्ट्झवरून सुमारे २५० हर्ट्झवर चढली. पेटीच्या भाषेत, मधल्या सप्तकातल्या पांढरी एकच्या किंचित खाली. म्हणजे पावणेतीन सप्तकांहून लांब मींड, आणि तीही सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात! फोनच्या छोट्या स्पीकरला खालचे सूर पेलत नाहीत, म्हणून लोकांसाठी खुल्या केलेल्या धड्यांत ४०० हर्ट्झने वर सरकवलेली प्रतही देतात. मला मूळची ऐकायला आवडते. चांगले हेडफोन लावले की ती घरघरीतून उसळून येते.

पण ही मींड गोंगाटातून उचलली कशी? खरी कुळकथा इथे आहे, आणि तिचा मूळपुरुष केप्लर नव्हे, रडार आहे. १९४३ मध्ये आरसीए कंपनीतल्या डी. ओ. नॉर्थ यांनी दाखवलं की परतणाऱ्या लहरीचा आकार आधी ठाऊक असेल, तर नोंदीच्या प्रत्येक क्षणाशी तो आकार गुणून बेरीज करावी. गोंगाटातले अधिक-उणे एकमेकांना खातात आणि हवी ती लहर साचत जाते. जत्रेच्या कोलाहलात ओळखीच्या अभंगाचा एक शब्द कानी पडला तरी पुढची ओळ आपल्याला लागते, तसंच हे.

ही युक्ती कृष्णविवरांना लावायची तर अडचण अशी की वस्तुमानं आधी माहीत नसतात. दोन्हींची वस्तुमानं बदलली की मींड बदलते. मग किती मींडी लिहून ठेवायच्या, आणि दोहोंत अंतर किती ठेवायचं की मधली एकही निसटू नये? १९९१ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू डी’त बी. एस. सत्यप्रकाश आणि पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेतले संजीव धुरंधर यांनी या प्रश्नाला हात घातला. लहर सापडायला तेव्हा चोवीस वर्षं होती. किप थॉर्न यांनी १९८७ मध्येच या युक्तीची चर्चा केली होती, हे खरं; पण सुरांची वही कशी आखायची याच्या पायाभरणीचा मान मी या दोघांना देतो. २०१५ च्या शोधात त्या वहीत सुमारे अडीच लाख नमुने होते.

सूर आधी, आवाज नंतर, या माझ्या म्हणण्याला एक अडचण आहे, आणि ती मोठी आहे. पहिल्या लहरीची पहिली सूचना या वहीने दिलीच नाही. कोणताही सूर गृहीत न धरता दोन्ही यंत्रांतली एकसारखी उसळी शोधणाऱ्या प्रणालीने तीन मिनिटांत ती दिली. वहीचं काम नंतरचं: खात्री पटवण्याचं. मग आधी आवाज आणि मागून सूर, असंच ना? मी नाही म्हणतो, आणि साक्षीला २६ डिसेंबर २०१५ ची दुसरी लहर काढतो. ती साधारण एक सेकंद चालली, ३५ ते ४५० हर्ट्झ चढली, जवळपास ५५ आवर्तनं घेतली, आणि इतकी क्षीण होती की नोंदीकडे टक लावून पाहिलं तरी दिसत नाही. तिला वहीनेच ओळखलं. दणदणीत गाणं कुणालाही ऐकू येतं. पुटपुटणं त्यालाच कळतं, ज्याला ते पाठ आहे.

मींड संपताना जे घुमणं उरतं त्याचंही कूळ भारतीय निघतं. धक्का बसलेलं कृष्णविवर घंटेसारखं ठरावीक स्वरात विरत जातं, हे सी. व्ही. विश्वेश्वरांनी १९७० मध्ये दाखवलं. तो धागा बंगळूरकडे जातो, म्हणून इथे एवढाच.

दुधाळ्याकडे परत येतो. एका यंत्राला दिशा नीट कळत नाही. पहिली लहर लुइझियानातल्या यंत्रात ७ मिलिसेकंद आधी पोचली, एवढ्या फरकावरून आकाशाचा अवाढव्य पट्टा तेवढा हाती लागला. ऑगस्ट २०१७ मध्ये इटलीतलं ‘व्हर्गो’ तिसरं म्हणून जोडलं, तेव्हा एका लहरीचा पट्टा ११६० चौरस अंशांवरून ६० वर आला. औंढ्याचं यंत्र या सगळ्यांपासून दूर, पृथ्वीच्या दुसऱ्याच बाजूला असेल. तिथून दिशा आणखी आवळता येईल. आणि अनेक यंत्रांच्या नोंदी एकत्र गुंफून एकच सूर कसा ऐकायचा, याचं गणित अर्चना पै, धुरंधर आणि सुकांत बोस यांनी २००१ मध्येच छापलं आहे.