तीन तोंडांचा ताळेबंद

मोटारीसंबंधी मला दोनच गोष्टी कळतात : तिच्या कर्जाचा अर्ज आणि तिचा थकलेला हप्ता. या दोहोंच्या मध्ये इंजिन नावाची एक वस्तू असते, हे मला चाळिशी उलटल्यावर माझ्या भाच्यानं शिकवलं.

भाचा अमेरिकेत असतो. तीन वर्षांच्या शिलकीतून त्यानं १९८८ सालची माझदा आरएक्स-७ घ्यायचं ठरवलं. म्हणजे गाडी त्याच्यापेक्षा वयानं मोठी! ताईचा फोन आला, "तो तुझं ऐकतो. एवढं खूळ त्याच्या डोक्यातून काढ." खूळ काढायचं तर ते आधी समजून घ्यायला हवं. मी वाचायला बसलो आणि ताईचं काम बाजूलाच राहिलं.

या इंजिनात वरखाली करणारे पिस्टन नसतातच. भुईमुगाच्या शेंगेसारख्या, कमरेत किंचित दबलेल्या पोकळीत फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरतो. त्याच्या तीन बाजूंना तीन खोल्या तयार होतात. त्रिकोण फिरेल तशी प्रत्येक खोली लहानमोठी होते. पेट्रोलमिश्रित हवा आत घेते, दाबते, पेटवते आणि धूर बाहेर टाकते. ही कल्पना फेलिक्स वांकेल या १९०२ साली जन्मलेल्या जर्मन गृहस्थाची. या माणसाकडे विद्यापीठाची पदवी नव्हती आणि मोटार चालवायचं लायसनही त्यानं कधी काढलं नाही. लायसन माझ्याकडेही नाही. पण तेवढ्यानं भागत नाही असं दिसतं.

एनएसयू या जर्मन कंपनीत १ फेब्रुवारी १९५७ ला हे इंजिन पहिल्यांदा फिरलं. १९६७ मध्ये त्यांची 'रो ८०' रस्त्यावर आली आणि १९६८ ची युरोपातली सर्वोत्तम मोटार ठरली. मग एकेक गाडी गॅरेजात परत येऊ लागली. त्रिकोणाच्या तिन्ही टोकांना भिंतीला घासत जाणाऱ्या पट्ट्या असतात. त्या झिजल्या की एका खोलीतला दाब शेजारच्या खोलीत गळतो. कंपनी वॉरंटीत नवी इंजिनं देत राहिली. दोन 'रो ८०' समोरासमोर आल्या की मालक बोटं वर करून आतापर्यंत कितवं इंजिन ते एकमेकांना सांगत, असं म्हणतात. १९६९ मध्ये एनएसयू फोक्सवागनच्या पंखाखाली गेली.

हिरोशिमाच्या तोयो कोग्यो कंपनीनं, म्हणजे आजच्या माझदानं, १९६१ मध्येच या इंजिनाचा परवाना घेतला होता. तिथंही तीच रड. आतल्या भिंतीवर लाटांसारखे ओरखडे उठत. त्यांना तिथल्या लोकांनी नाव दिलं, 'सैतानाच्या नखांच्या खुणा'. केनिची यामामोतो यांच्या हाताखाली १९६३ मध्ये ४७ जणांचा विभाग त्या खुणांच्या मागे लागला. शेवटी कार्बन आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रणाची पट्टी टिकली आणि मे १९६७ मध्ये 'कॉस्मो स्पोर्ट' विक्रीला आली. १९७८ मध्ये आरएक्स-७ आली. १९९१ मध्ये तर चार त्रिकोणांच्या माझदानं ल मानची चोवीस तासांची शर्यत जिंकली. त्यापूर्वी ती कुठल्याच जपानी कंपनीनं जिंकली नव्हती.

हे सगळं मी भाच्याला ऐकवलं. तो म्हणाला, "मामा, म्हणजे घेऊ ना?"

मी घाबरून विचारलं, "तपासलीस का?"

गाडी विकणाऱ्या आजोबांनी त्याच्यासमोर प्रेशर गेज लावलं होतं. दोन्ही त्रिकोणांना चौरस सेंटिमीटरला सात-सात किलो. सहाच्या खाली गेलं की इंजिन उघडायची वेळ आली असं समजतात. म्हणजे पास!

इथं मात्र माझ्या बी.कॉम.नं डोकं वर काढलं. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर असं समजू नये, हे आम्हांला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. साध्या गेजच्या तोंडाशी टायरच्या व्हॉल्व्हसारखी झडप असते. आत आलेला दाब ती परत सोडत नाही. पिस्टनला तोंड एकच, तिथं ठीक आहे. पण त्रिकोणाला तोंडं तीन! काटा तिघांतल्या सर्वांत सशक्त तोंडाचा आकडा धरून बसतो आणि बाकीच्या दोघांचं दिवाळं झाकलं जातं.

"ती झडप काढ," मी फर्मावलं. "इंजिन गरम कर, पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही तोड, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धर आणि स्टार्टर मार. बॅटरी भरलेली हवी. मिनिटाला २५० फेरे धरून आकडे पाहतात."

त्यानं मला आवाज ऐकवला. पुढचा त्रिकोण : फस्, फस्, फस्. सेकंदाला चार, शिक्के मारावेत तसे सारखे. मागचा : फस्, फुस्, फुस्. फस्, फुस्, फुस्. काटा सातापर्यंत उडी मारी आणि पुढच्या दोन खेपांना चारावरच बसे. दोन शेजारी खोल्या एकदम आजारी म्हणजे त्यांच्यामधली पट्टीच गेलेली. भिंत एक, भाडेकरू दोन.

आजोबांनी खोटं सांगितलं नव्हतं, गेजनंही नाही. सात होतेच. आजोबांनी तो आवाज तीनदा ऐकला, काही वेळ गाडीवर हात ठेवून उभे राहिले आणि मग स्वतःच नव्या इंजिनाच्या खर्चाएवढी किंमत कमी केली. भाच्यानं गाडी घेतली. ताई माझ्याशी दोन महिने बोलत नाहीये.

ही हकीकत मी रंगवून घरी सांगितली. सौ. तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "लग्न ठरवताना माझ्या वडिलांना तुम्ही पासबुकाचं एकच पान दाखवलं होतंत. एक तारखेचं."