ऑन्टॅरिओ साक्षरता चाचणी : शिक्षकांची पूर्वतयारी

कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात दहावीच्या विद्यार्थ्यांना वाचन-लेखनाची एक प्रांतव्यापी चाचणी द्यावी लागते. ती प्रत्येक शाळेत एकाच पद्धतीने व्हावी, यासाठी पर्यवेक्षण करणाऱ्या शिक्षकांची आधी तयारी करून घेतली जाते. चाचणी फक्त भाषेच्या विषयाची नाही. नववीपर्यंतच्या सर्व विषयांत लागणारे वाचन-लेखन तिच्यात तपासले जाते. त्यामुळे गणित किंवा व्यायाम शिकवणाऱ्या शिक्षकावरही पर्यवेक्षणाची जबाबदारी येते.

प्रांताच्या शिक्षणविषयक राजआयोगाने 1995 मध्ये अहवाल दिला. त्यानंतर 1996 मध्ये शिक्षण गुणवत्ता व उत्तरदायित्व कार्यालय ही स्वतंत्र संस्था स्थापन झाली आणि चाचणीची सूत्रे तिच्याकडे आली. 2000 च्या शैक्षणिक वर्षात नववीत आलेल्या तुकडीपासून माध्यमिक पदविकेसाठी साक्षरतेची ही अट लागू झाली. करोना साथीच्या काळात ती काही तुकड्यांपुरती शिथिल केली गेली. गुण 200 ते 400 या श्रेणीत मोजले जातात आणि 300 ला उत्तीर्ण मानतात. अनुत्तीर्ण झालेल्याला पुन्हा बसता येते.

आपल्याकडे दहावीच्या बोर्डाला मुले परीक्षा केंद्रावर जातात आणि वर्गात बहुधा अनोळखी पर्यवेक्षक असतो. ऑन्टॅरिओत मात्र शाळा तीच, वर्ग तोच आणि समोर उभे असलेले शिक्षकही रोजचेच. तयारीतला खरा अवघड भाग इथेच आहे. वर्षभर ज्याने शंका फेडल्या त्यालाच त्या दिवशी गप्प राहायचे असते. सूचना छापील मजकुरातून जशाच्या तशा वाचून दाखवायच्या, त्यात आपल्या पदरचे काही घालायचे नाही. हात वर करून एखाद्या मुलीने शब्दाचा अर्थ विचारला, तर तो सांगता येत नाही. प्रश्न सोपा करून सांगणेही नियमात बसत नाही. ‘तुला जमेल तसे लिही’ एवढा धीर देता येतो. उत्तराकडे बोट दाखवून ‘हे पुन्हा वाच’ म्हटले, तरी तो हस्तक्षेप ठरतो.

वर्गखोलीही तयार करावी लागते. भिंतीवरचे शब्दांचे तक्ते, परिच्छेद कसा लिहावा याचे नमुने, व्याकरणाची भित्तिपत्रके झाकायची किंवा उतरवायची. मोबाइल बाजूला ठेवून घ्यायचे. चाचणी कागदावर होती तेव्हा सीलबंद पुस्तिका कुलपात ठेवणे आणि वेळेआधी न उघडणे ही मुख्याध्यापकांची जबाबदारी असे. आता चाचणी संगणकावर, दोन सत्रांत होते. त्यामुळे लॉगिनची माहिती जपणे, उपकरणे आदल्या दिवशी तपासणे आणि मुलांना सराव चाचणीतून पडद्याची ओळख करून देणे ही कामे वाढली आहेत.

संगणकावर येण्याची वाट सोपी नव्हती. ऑक्टोबर 2016 मधल्या पहिल्या मोठ्या ऑनलाइन प्रयोगाच्या दिवशी यंत्रणेवर सायबर हल्ला झाला आणि चाचणी रद्द करावी लागली. सुमारे 1,47,000 विद्यार्थ्यांना याचा फटका बसला. पडदा उघडत नसताना खोळंबलेल्या मुलांना काय सांगायचे, वेळेची नोंद कशी ठेवायची आणि कोणाला कळवायचे, हे पर्यवेक्षकाला आधीच ठाऊक हवे. तांत्रिक बिघाडाला प्रशिक्षणात मानाचे स्थान द्यायला हवे. त्याला शेवटच्या पाच मिनिटांत गुंडाळणे योग्य नाही.

सवलतींच्या नियमांची तयारी सर्वांत नाजूक आहे. ज्या विद्यार्थ्याची वैयक्तिक शिक्षण योजना आहे, त्याला त्या योजनेनुसार जादा वेळ, वेगळी खोली, सहायक तंत्रज्ञान किंवा लेखनिक मिळू शकतो. लेखनिक झालेल्या शिक्षकाने विद्यार्थी सांगेल तेच उतरवायचे असते. ओघात वाक्य सुधारण्याचा मोह आवरायचा असतो. ही सवलत म्हणजे मेहेरबानी नव्हे, त्या मुलाचा हक्क आहे. हे नीट उमजलेला शिक्षक ती कुचराई न करता देतो आणि तिची मर्यादाही पाळतो. त्यामुळे शाळा सुटल्यावरच्या एका बैठकीत नियम नुसते वाचून दाखवणे पुरेसे नाही. प्रत्येक नियमामागचे कारण शिक्षकांपुढे मांडले गेले पाहिजे.

इंग्रजी अजून पक्के न झालेल्या विद्यार्थ्यांची चाचणी पुढे ढकलता येते. विद्यार्थी, पालक आणि शिक्षकांशी बोलून मुख्याध्यापक तसा निर्णय घेतात. ब्रॅम्प्टन, मिसिसागा भागात नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांना ही तरतूद माहीत असायला हवी, कारण वर्षभराची मुदत मिळाल्याने मुलाचे नुकसान होत नाही. प्रांतातील फ्रेंच माध्यमाच्या शाळांसाठी वेगळी चाचणी आहे.

चाचणीत यश न मिळालेल्यांना साक्षरतेचा स्वतंत्र अभ्यासक्रम पूर्ण करूनही पदविकेची अट भागवता येते. तिथे शिक्षक पुन्हा शिकवू शकतो, शब्दाचा अर्थ सांगू शकतो आणि मसुद्यावर खुणा करून तो परत लिहून घेऊ शकतो.