बारा तासांची मुदत

समजा, तुम्हाला एका बऱ्यापैकी विद्यापीठाकडून होकार आलाय. मनापासून जिथे जायचंय तिथली मुलाखत मात्र पुढच्या आठवड्यात आहे. आणि हे बऱ्यापैकीवाले म्हणतायत, "शुक्रवारपर्यंत कळवा, नाहीतर जागा दुसऱ्याला." काय कराल? (लग्न ठरवतानाही हा पेच येतो, पण त्यावर पुन्हा कधीतरी.)

अ‍ॅडमिशनच्या गप्पा निघाल्या की आपण बोलतो ते मार्कांबद्दल, एसओपीबद्दल, शिफारसपत्रांबद्दल. माझ्या मते खरी ओढाताण असते ती वेळेवरून. आधी कोणी बोलायचं आणि उत्तरासाठी कोणी किती थांबायचं, यावरून. या ओढाताणीचा सगळ्यात नीट नोंदवलेला इतिहास अमेरिकेतल्या डॉक्टर मंडळींकडे आहे. शिवाय त्यात एक अल्गोरिदम आहे, त्यामुळे माझ्यासारख्याचा शनिवार त्यात जाणं साहजिकच.

तर झालं असं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत डॉक्टरकीनंतर हॉस्पिटलात इंटर्न म्हणून काम करायची पद्धत रुळली. हॉस्पिटलांना इंटर्न हवे असायचे भरपूर आणि पास होणारी पोरं कमी. मग शेजारच्या हॉस्पिटलाच्या आधी आपणच मुलगा पटकवावा, असं प्रत्येकाला वाटू लागलं. तारखा दरवर्षी मागे मागे सरकायला लागल्या. १९४४ पर्यंत परिस्थिती अशी झाली की, पदवी मिळायच्या तब्बल दोन वर्षं आधी इंटर्नशिप ठरत होती. ज्याने अजून धड पेशंट तपासलेला नाही, त्याच्याकडून होकार घेऊन हॉस्पिटल मोकळं! मुलालाही आपल्याला सर्जरी आवडेल की बालरोग, याचा पत्ता नसायचा.

१९४५ मध्ये मेडिकल कॉलेजांनी एक हुशारी केली. हॉस्पिटलांना "घाई करू नका" अशी विनंती करून काही होणार नव्हतं. म्हणून त्यांनी आपापसात ठरवलं की, ठराविक तारखेआधी विद्यार्थ्याचे मार्क आणि शिफारसपत्रं कोणाला द्यायचीच नाहीत. माहितीच नाही म्हटल्यावर निवड कशी करणार? तारखा मागे सरकायच्या थांबल्या.

पण फुगा एका बाजूने दाबला की दुसऱ्या बाजूने फुगतो. ऑफर कधी द्यायची हे ठरलं, मग भांडण आलं उत्तर कधी द्यायचं यावर. १९४५ मध्ये विद्यार्थ्याला विचार करायला १० दिवस मिळत होते. पुढची चार वर्षं ही मुदत आटतच गेली. १९४९ मध्ये कॉलेजांच्या संघटनेने सुचवलं की, सगळ्या हॉस्पिटलांनी मध्यरात्री १२ वाजून १ मिनिटाने तारा पाठवाव्यात आणि विद्यार्थ्यांना दुपारी १२ पर्यंत वेळ द्यावा. हॉस्पिटलांच्या संघटनेने ते नाकारलं. कारण काय, तर १२ तास फार होतात!

हॉस्पिटलवाले खलनायक होते असं मात्र नाही. त्यांच्या जागी बसून बघा. तुम्ही पहिल्या पसंतीच्या मुलाला तार केली. तो आणखी चांगल्या तारेची वाट बघत बसला आणि अकरा वाजून एकोणसाठ मिनिटांनी 'नाही' म्हणाला. तोवर तुमच्या यादीतले दुसरे, तिसरे, चौथे दुसरीकडे 'हो' म्हणून बसलेले. म्हणून मुदत जितकी छोटी तितकं हॉस्पिटल सुरक्षित, आणि जितकी मोठी तितका विद्यार्थी सुरक्षित. दोघंही आपल्या जागी बरोबर आणि सगळी व्यवस्था मात्र वाईट. १९५० च्या ठरावात १२ तास परत आले, पण सोबत एक कलमही आलं. त्या १२ तासांत कोणी कोणाला फोन करायचा नाही. कारण हॉस्पिटलं फोन करकरून "आत्ता सांगा" म्हणायची, आणि वेटिंग लिस्टवरची मुलं "माझं काय झालं?" म्हणून हॉस्पिटलांचे फोन वाजवत बसायची. रिसोर्स धरून ठेवून दुसऱ्याची वाट बघणाऱ्या प्रोसेसेस ज्यांनी डीबग केल्या आहेत, त्यांना हे दृश्य ओळखीचं वाटेल :)

शेवटी तोडगा निघाला तो असा. तारा नकोत, फोन नकोत. आधी मुलाखती होऊ द्या. मग हॉस्पिटलांनी आपली पसंतीची यादी द्यावी, विद्यार्थ्यांनी आपली द्यावी, आणि एका ठिकाणी बसून जुळवाजुळव करावी. एक प्रकारचं वधूवर सूचक मंडळच म्हणा ना. पहिल्यांदा चाचणी म्हणून जी पद्धत वापरली ती वरवर अगदी न्याय्य होती. दोघांनी एकमेकांना पहिला नंबर दिला असेल तर जोडी पक्की. त्यानंतर हॉस्पिटलाचा दुसरा आणि विद्यार्थ्याचा पहिला. मग हॉस्पिटलाचा पहिला आणि विद्यार्थ्याचा दुसरा, असं पुढे.

यात गडबड कुठे आहे? समजा, 'अ'ने एका नामांकित हॉस्पिटलाला पहिला नंबर दिला आणि मधल्या हॉस्पिटलाला दुसरा. 'ब'ने मधल्यालाच पहिला नंबर दिला. मधल्या हॉस्पिटलाला एकच जागा भरायचीय आणि त्याला 'अ' जास्त पसंत आहे, 'ब' दुसरा. नामांकित हॉस्पिटलाने 'अ'ला घेतलं नाही. आता मधल्याची जागा कोणाला? या पद्धतीत 'ब'ला, कारण 'ब'ची जोडी आधी तपासली जाते. 'अ' मधल्या हॉस्पिटलाचा नंबर एक असूनही बाहेर राहतो, आणि तो का, तर त्याने मनातली यादी खरी लिहिली म्हणून! म्हणजे यादी भरताना मला काय आवडतं यापेक्षा मला कोण घेईल, याचा हिशेब करायचा. आपल्याकडे कॅप राउंडचे ऑप्शन फॉर्म भरताना घराघरात काकालोक हाच हिशेब करतात (बऱ्याचदा गरज नसताना).

ही खोच ओळखली ती विद्यार्थ्यांनीच. १९५१ मध्ये हार्वर्डच्या मेडिकल कॉलेजात शिकणाऱ्या हार्डी हेंड्रन या मुलाने पुढाकार घेतला, देशभरातल्या विद्यार्थ्यांची समिती उभी राहिली आणि पद्धत बदला म्हणून त्यांनी जोर लावला. हेंड्रन पुढे लहान मुलांचे नामवंत सर्जन झाले. मला या सगळ्या गोष्टीतला हा भाग सर्वांत आवडतो. कॉम्प्युटर सायन्स नावाचं खातंसुद्धा नव्हतं तेव्हा वैद्यकीच्या मुलांनी एका अल्गोरिदममधला बग शोधला, मोर्चेबांधणी केली आणि पहिली खरी मॅच व्हायच्या आत तो दुरुस्त करून घेतला. १९५२ ची मॅच सुधारलेल्या पद्धतीने झाली. भाग घेणं ऐच्छिक होतं, तरी जवळजवळ सगळे आले.

आता वेगळ्या गावाला जाऊ. डेव्हिड गेल हे ब्राउन विद्यापीठातले गणिती. १९६० मध्ये न्यूयॉर्कर साप्ताहिकात येल विद्यापीठ प्रवेशाचे निर्णय कसे घेतं यावर एक लेख आला होता. तो वाचून गेलना प्रश्न पडला. विद्यार्थी आणि कॉलेजं यांची अशी जोडणी नेहमी करता येईल का, की ज्यात एकमेकांसाठी आपापली जोडी मोडावीशी वाटणारे कोणीच उरणार नाहीत? त्यांनी काही मित्रांना पत्राने विचारलं. रँड संस्थेतल्या लॉइड शॅप्लींचं उत्तर जवळजवळ उलट टपाली आलं. हो, करता येते, आणि ती अशी. १९६२ मध्ये दोघांचा सात पानी लेख छापला गेला. त्यात समीकरणं जवळजवळ नाहीतच.

युक्ती एका ओळीची आहे: 'हो' म्हणा, पण तात्पुरतं. प्रत्येक विद्यार्थी आपल्या पहिल्या पसंतीकडे जातो. कॉलेज आलेल्यांतले चांगले, जागा असतील तेवढे, धरून ठेवतं आणि बाकीच्यांना नकार देतं. नकार मिळालेले आपल्या दुसऱ्या पसंतीकडे जातात. कॉलेज आता नवे आणि धरून ठेवलेले यांची पुन्हा तुलना करतं, लागलं तर आधीच्याला सोडतं. कोणालाच नवा नकार मिळेनासा झाला की सगळे तात्पुरते होकार पक्के. कांदेपोह्यांच्या भाषेत सांगायचं तर "कळवतो" हे उत्तर शेवटपर्यंत चालवून घ्यायचं. वेळेच्या ज्या भांडणात डॉक्टर अडकले होते, ते इथे उद्भवतच नाही. लवकर विचारल्याचा फायदा नाही आणि थांबल्याचा तोटा नाही.

गंमत म्हणजे डॉक्टरांची १९५२ ची पद्धत हीच होती, हे दोघांच्या गावीही नव्हतं. गेलना ते १९७० च्या दशकाच्या मध्यात कळलं. १९८४ मध्ये आल्विन रॉथ या अर्थशास्त्रज्ञाने हा सगळा इतिहास खणून काढला आणि दोन्ही पद्धती एकच असल्याचं दाखवलं. (वरचा तारांचा तपशील त्यांच्याच संशोधनातला.) फक्त एक फरक होता. गेल-शॅप्लींच्या लेखात विचारायला जाणारी बाजू विद्यार्थ्यांची. डॉक्टरांच्या मॅचमध्ये विचारत होती हॉस्पिटलं.

त्याने काय फरक पडतो? 'अ'ला पहिलं हॉस्पिटल आवडतं, 'ब'ला दुसरं. पहिल्या हॉस्पिटलाला 'ब' हवाय, दुसऱ्याला 'अ'. विद्यार्थ्यांनी विचारलं तर दोघांनाही मनासारखं मिळतं. हॉस्पिटलांनी विचारलं तर जोड्या नेमक्या उलट्या लागतात आणि हॉस्पिटलं खूश. दोन्ही जोडण्या टिकाऊच, पण जो विचारतो त्याचं भलं होतं. शिवाय विचारणारी बाजू विद्यार्थ्यांची असेल तर मनातली खरी यादी देण्यातच त्यांचं हित असतं, अशीही सिद्धता आहे. म्हणजे चाळीसेक वर्षं हा छोटासा फायदा हॉस्पिटलांच्या खात्यात जात होता. १९९० च्या दशकाच्या मध्यात विद्यार्थी संघटनांनी यावर आवाज उठवला. रॉथ यांच्याकडे नवा अल्गोरिदम करायचं काम आलं आणि १९९८ पासून विचारणारी बाजू विद्यार्थ्यांची झाली. जुन्या याद्या नव्या पद्धतीने चालवून पाहिल्या तेव्हा हजारात एखाद्याच उमेदवाराची जागा बदलत होती. एवढ्याशासाठी एवढं भांडण? मला विचाराल तर हो. त्या एकाला आपण आकडा आहोत असं वाटलं नसणार.

२०१२ मध्ये रॉथ आणि शॅप्ली यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. शॅप्लींनी आपण आयुष्यात अर्थशास्त्राचा एकही कोर्स केला नसल्याचं सांगितलं. गेल २००८ मध्येच गेले होते. असो.

यंत्र कितीही चांगलं असलं तरी ते मुलाखतींनंतर सुरू होतं. मुलाखतीच्या खोलीत दबाव यायचा तो येतोच. म्हणून नियम करावा लागला की "आम्हाला कितवा नंबर देणार?" असं हॉस्पिटलाने उमेदवाराला विचारायचं नाही. जिथे यंत्रच नाही तिथे काय होतं, ते अमेरिकन न्यायाधीशांकडे बघावं. कायदा शिकलेली मुलं त्यांच्याकडे क्लार्क म्हणून लागायला धडपडतात, आणि ऑफर देऊन तिथल्या तिथे उत्तर मागणारे न्यायाधीश काही कमी नाहीत. २००० च्या दशकातला एक किस्सा रॉथ सांगतात. एक उमेदवार एका मुलाखतीहून दुसऱ्या मुलाखतीला विमानाने निघाला. उतरल्यावर फोनवर एकाच न्यायाधीशाचे तीन निरोप. पहिला ऑफरचा, दुसरा "लवकर कळवा"चा, तिसरा ऑफर मागे घेतल्याचा. विमानप्रवास होता साधारण ३५ मिनिटांचा.

पीएचडीला जाणाऱ्यांसाठी असं यंत्र नाही, पण एक तारीख आहे: १५ एप्रिल. अमेरिकेतल्या ग्रॅज्युएट स्कूल्सच्या परिषदेच्या ठरावावर ज्या विद्यापीठांनी सह्या केल्या आहेत, ती आर्थिक मदतीच्या ऑफरवर त्याआधी उत्तर द्यायची सक्ती करू शकत नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये बरेचसे विभाग निवडलेल्या मुलांना स्वखर्चाने कॅम्पस बघायला बोलावतात. पुण्यात बसून पत्र वाचणाऱ्याला हे सहसा जमत नाही. तो तिथल्या सीनियर्सना मेल टाकतो: गाइड कसा आहे, किती वर्षांत सोडतो, स्टायपेंडमध्ये भागतं का. आणि वेटिंग लिस्टवर असेल तर १४-१५ एप्रिलच्या रात्री जागतो, कारण चार-चार ऑफर धरून बसलेले शेवटच्या क्षणी तीन सोडतात. तुमच्याकडे नको असलेली ऑफर पडून असेल तर आजच नाही म्हणून टाका. पलीकडे कोणीतरी मेलबॉक्स रिफ्रेश करत असतं.

आपल्याकडे आयआयटींच्या एमटेकसाठी मधली वाट आहे. गेटचा स्कोअर आणि लागेल तिथे मुलाखत, हे प्रत्येक आयआयटी आपापलं बघते. ऑफर मात्र कोआप नावाच्या सामायिक पोर्टलवर फेऱ्याफेऱ्यांनी येतात. तिथे तीन पर्याय असतात. 'अ‍ॅक्सेप्ट अँड फ्रीझ', 'रिजेक्ट अँड वेट' आणि मधला 'रिटेन अँड वेट', म्हणजे हातातलं धरून ठेवा आणि पुढच्या फेरीची वाट बघा. १९६२ च्या लेखातला तात्पुरता होकार आता एक बटण झालाय. फरक इतकाच, की इथे विचारायला येतात त्या संस्था.