मातीची कबुतरे आणि जुन्या पंप बंदुकांचे मोल

बंदूक म्हटली की युद्ध किंवा शिकार एवढेच आपल्या मनात येते. परंतु अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी नेमबाजीच्या खेळाकरिताच बांधलेल्या बंदुकांची एक निराळी जात निपजली. त्या जातीतील जुन्या पंप बंदुकांना पुनर्विक्रीत जी किंमत येते, तिचा इतिहास मोठा चमत्कारिक आहे. एकाच कारखान्यात एकाच साली तयार झालेल्या दोन बंदुका घ्याव्यात. दोहोंचा नेम सारखाच अचूक असावा. तरीही एक दुसरीच्या कित्येक पट दराने विकली जाते. आणि स्वस्तात जाणारी बंदूक हीच मैदानावर अधिक राबलेली व अधिक सामने जिंकलेली असण्याचा संभव असतो!

ह्या खेळाचे मूळ इंग्लंडात आहे. तेथे जिवंत कबूतर पेटीत कोंडून ठेवीत आणि नेमबाज सज्ज झाला की झाकण उघडीत. त्या पेटीला ‘ट्रॅप’ म्हणत. तेच नाव खेळाला चिकटले. अमेरिकेत सिनसिनाटी शहरी १८३१ च्या सुमारास हा खेळ चालू झालेला आढळतो. पुढे जिवंत पाखरांची जागा काचेच्या गोळ्यांनी घेतली, आणि १८८० साली सिनसिनाटीच्याच जॉर्ज लिगोव्स्की याने हवेत सपाट तरंगत जाणारी मातीची लहानशी बशी शोधून काढली. हेच ते मातीचे कबूतर. कालांतराने ती बशी डांबर आणि चुनखडी यांच्या मिश्रणाची होऊ लागली, परंतु तिचे मातीपण नावापुरते कायम राहिले. ‘ग्रँड अमेरिकन’ हा ह्या खेळाचा सर्वांत मोठा मेळा. मातीच्या कबुतरांवर तो प्रथम १९०० साली न्यूयॉर्क येथे भरला. १९२४ पासून २००५ पर्यंत ओहायोतील व्हँडेलिया गावी आणि २००६ पासून इलिनॉयमधील स्पार्टा येथे, ही त्याची पुढील ठिकाणे.

पंप बंदुकीची रचना समजावयास सोपी आहे. छर्‍याच्या नळीखाली दुसरी एक नळी असते व तीत काडतुसे एकामागे एक बसविलेली असतात. पुढच्या हातातील लाकडी मूठ मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडते. पुढे ढकलली की नवे आत बसते. क्रिस्टोफर स्पेन्सर याने १८८२ च्या सुमारास अशी बंदूक सिद्ध केली खरी, परंतु तिला लोकप्रियता आणली ती जॉन मोझेस ब्राउनिंग याने. त्याने आखलेली १८९७ ची बंदूक न्यू हेवन येथील विंचेस्टर कंपनीने दहा लक्षांवर बनविली. तिचा घोडा उघडा असे. १९१२ साली त्याच कंपनीच्या टी. सी. जॉन्सन याने घोडा आत लपविलेली ‘मॉडेल १२’ पुढे आणली, आणि ट्रॅपच्या मैदानावर तिने आपले राज्य स्थापिले. पंप बंदुकीने काय साधत असे याची कल्पना एलिझाबेथ टेपरवाइन ह्या बाईंच्या एका पराक्रमावरून यावी. त्यांनी पाच तास वीस मिनिटांत २,००० पैकी १,९५२ लक्ष्ये फोडली. बंदूक उचलून धरण्याचेच श्रम मोजले तरी पुरुषांनी मान खाली घालावी!

मॉडेल १२ चा मुख्य सांगाडा पोलादाच्या घडीव ठोकळ्यातून कोरून काढीत आणि कसबी कारागीर एकेक भाग हाताने जुळवून बसवीत. तिच्या मुठीची रेशमासारखी सरक ही त्या हातांची करणी. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर मजुरी वाढली. १९५० साली रेमिंग्टन कंपनीने ‘मॉडेल ८७०’ काढली. तिचे कित्येक भाग ठशाने दाबून काढलेले, त्यामुळे ती स्वस्त, आणि कामाला तितकीच भरवशाची. स्पर्धेत टिकाव धरणे विंचेस्टरला अशक्य झाले. सुमारे वीस लक्ष नग निघाल्यावर १९६३-६४ च्या सुमारास मॉडेल १२ चे नित्याचे उत्पादन थांबले. १९७२ ते १९८० या काळात ती थोड्या प्रमाणात पुन्हा निघाली. परंतु ‘चौसष्टपूर्व’ हा शब्द बाजारात जो रूढ झाला, तो झालाच.

इकडे नेमबाजांनीही पंपाची साथ सोडली. कमी धक्का देणारी रेमिंग्टनची स्वयंचलित ‘११००’ १९६३ साली आली. पाठोपाठ एकावर एक नळ्यांच्या इटालियन बंदुका. पेराझी कारखान्याची ‘एमएक्स ८’ तर १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकसाठीच सिद्ध झाली होती. खेळणाऱ्यांची मागणी अशी ओसरली, आणि जुन्या पंप बंदुकीचा भाव ठरविण्याचा मान मुख्यतः संग्राहकाकडे गेला.

संग्राहकाची दृष्टी निराळी. सांगाड्याच्या खालच्या बाजूचा क्रमांक आणि नळीच्या सुट्या होणाऱ्या भागावरील क्रमांक जुळतो काय, हे तो प्रथम पाहतो. नळीवरची निळसर काळी झिलई कारखान्याचीच हवी. नव्याने चढविलेली झिलई कितीही लखलखीत असली तरी भाव उतरवितेच. आपल्याकडे हौशी मंडळी शिवकालीन नाणे चिंचेने घासून लख्ख करतात आणि जाणकार कपाळावर हात मारतो, त्यातलाच हा प्रकार. नेम धरण्यासाठी नळीवर बसविलेली पोलादी पट्टी कारखान्यात बसली की कॅन्सस सिटीच्या सिमन्स यांच्याकडे, याचीही चौकशी होते. १९३४ पासून निघालेल्या अट्ठावीस गेजच्या बंदुका दुर्मिळ. म्हणून त्या फार महाग, आणि म्हणूनच त्यांत बनवेगिरीही शिरली. साधी बारा गेजची बंदूक मात्र लक्षावधींनी निघालेली असल्याने तिला असा मान नाही.

खरी हळहळ वाटावी ती घरगुती विक्रीच्या वेळी. आजोबा तीस वर्षे दर रविवारी मैदानावर जात. खांद्याला बेताची व्हावी म्हणून त्यांनी दस्ता इंचभर कापला, टोकाला रबराची गादी बसविली, गालाखालचा भाग उंच करून घेतला, नळीच्या तोंडाशी छर्‍याचा फैलाव कमीजास्त करणारे पॉली-चोक लावले. प्रत्येक फेरफार विचारपूर्वक केलेला, आणि प्रत्येकाने त्यांचे गुण वाढलेले. त्यांच्या पश्चात मुले ती बंदूक व्यापाऱ्यापुढे ठेवतात. घरातल्यांच्या लेखी ती वडिलोपार्जित ठेव; व्यापारी मात्र त्याच फेरफारांवर एकामागून एक बोट ठेवून किंमत उतरवीत जातो. तो लबाड असतोच असे नाही. शेजारच्या घरी अशीच बंदूक पेटीतून क्वचितच बाहेर निघालेली असते, आणि तिच्यासाठी तोच व्यापारी हसतमुखाने मोठी रक्कम मोजतो.

कापलेल्या दस्त्याची बंदूक बहुधा एखादा नवखा नेमबाज घेतो. इटालियन बंदुकीचे मोल त्याला परवडणारे नसते. जुन्या दस्त्याच्या टोकाला तो कापलेला इंच लाकूड जोडून परत मिळवितो, नव्वद वर्षांपूर्वीची मूठ एकदा मागेपुढे सरकवून पाहतो, आणि शनिवारी मैदानावर जाऊन पंचवीस कबुतरांची पहिली फेरी झाडतो.