परभणीच्या कालव्याचं पाणी जिथून निघतं, तो हरिश्चंद्रगड एका दिवसात कसा करायचा?

पावसाळा सरला की इन्स्टाग्रामवर एकच जागा पुन्हा पुन्हा दिसू लागते. आत वळलेला प्रचंड काळा कडा, खाली ढगांचा समुद्र आणि काठावर पाय सोडून बसलेलं कुणीतरी. ही जागा म्हणजे हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा. 'एकदा जायचंय' असं लिहून मित्रांना टॅग करणाऱ्यांत परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेडची मुलंही असतात.

पण रील तीस सेकंदांची आणि चढाई चार-पाच तासांची. परभणीसारख्या सपाट मुलखातून जाणाऱ्याला या चढाईची आधी सवय नसते. हा गड नेमका काय आहे, कोणत्या वाटेने जायचं, एका दिवसात खरंच होतो का आणि परभणीकरांचा त्याच्याशी काय संबंध, ते समजून घेऊ.

परभणीचा आणि हरिश्चंद्रगडाचा काय संबंध?

संबंध पाण्याचा आहे.

हरिश्चंद्रगड अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, पुणे आणि ठाणे जिल्ह्यांच्या सीमेजवळ आहे. गडावरच्या हरिश्चंद्रेश्वर मंदिराजवळून मंगळगंगा निघते आणि पाचनईच्या बाजूला उतरते. हे पाणी मुळा नदीला मिळतं. मुळा पुढे प्रवरेला आणि प्रवरा गोदावरीला मिळते. गोदावरीवर पैठणला जायकवाडी धरण आहे, म्हणजेच नाथसागर. त्याचा २०८ किलोमीटर लांबीचा डावा कालवा छत्रपती संभाजीनगर, जालना असं करत परभणी जिल्ह्यात येतो.

म्हणजे पाचनईच्या ओढ्यात तुम्ही बूट काढून पाय बुडवता, तेव्हा ते पाणी तुमच्याच गावाच्या दिशेनं निघालेलं असतं. वाटेत मुळा धरण आणि इतर बंधारे आहेत, त्यामुळे त्यातलं किती पोहोचतं हा प्रश्न वेगळा. पण मराठवाड्यातलं पाण्याचं राजकारण याच प्रश्नाभोवती फिरतं.

सह्याद्रीच्या या भागात पाऊस भरपूर पडतो आणि तो आधी नाशिक, अहिल्यानगरच्या धरणांत अडतो. जायकवाडीच्या वाट्याला किती यायचं यासाठी २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात समन्यायी वाटपाची तरतूद आहे. पुढे मेंढेगिरी समितीच्या शिफारशींवरून सूत्र ठरलं. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं समन्यायी वाटपाचं तत्त्व मान्य केलं. तरी कमी पावसाच्या वर्षी हा वाद पुन्हा उभा राहतोच.

गडाची दुसरी गंमत अशी की त्यावर पडणारा पाऊस तीन दिशांना जातो. पाचनईकडचा गोदावरीला. खिरेश्वरकडचा पिंपळगाव जोगा धरणात आणि तिथून भीमा-कृष्णेच्या खोऱ्यात. कोकणकड्यावरून पडणारा मात्र कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळतो.

गड किती उंच आहे?

गडाची उंची सुमारे १,४२४ मीटर मानली जाते. त्यावरचं तारामती शिखर त्याहून किंचित उंच आहे. राज्यातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचं आहे, आणि तेही याच अकोले तालुक्याच्या हद्दीवर.

खिरेश्वरातून तारामतीपर्यंत जायचं तर साधारण सातशे मीटर चढावं लागतं. तीन मीटरचा एक मजला धरला, तर दोनशेहून जास्त मजले जिन्यानं चढण्याइतकं. शिवाय इथल्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत, बऱ्याच ठिकाणी पायऱ्याच नाहीत.

कोणती वाट निवडायची?

गडावर जायला बऱ्याच वाटा आहेत. नव्या माणसानं तीन समजून घ्याव्यात.

पाचनईची वाट: सर्वांत सोपी आणि जवळची. वर पोहोचायला दोन ते तीन तास. वाट कातळाच्या कडेनं आणि झाडीतून जाते, ओढा ओलांडावा लागतो. अवघड जागी रेलिंग लावलेलं आहे. पहिल्यांदाच ट्रेकला जात असाल तर हीच वाट घ्या.

खिरेश्वर-तोलार खिंडीची वाट: चार ते पाच तास. खिरेश्वर गावात नागेश्वराचं जुनं कोरीव मंदिर आहे. तिथून चढून तोलार खिंडीत पोहोचलात की वाघाचं शिल्प दिसतं. खिंडीनंतर कातळाचा उभा टप्पा येतो. तिथेही आधाराला रेलिंग आहे, पण पावसात तो भाग निसरडा होतो. पुढे जंगलातून एकामागून एक टेकड्या चढायच्या-उतरायच्या. 'आता आलंच मंदिर' असं वाटत राहतं आणि पुढे आणखी एक टेकडी निघते. लोक दमतात ते याच पट्ट्यात, आणि धुक्यात वाट चुकतात तेही इथेच.

नळीची वाट: कोकणातल्या बेलपाड्यातून कोकणकड्याच्या शेजारच्या घळीतून वर येणारी. सुटे दगड, उभे कातळ, दोर लागतील अशा जागा. अनुभवी गिर्यारोहकांसोबत, साहित्य घेऊन करायची ही वाट आहे. रील पाहून इथे जाऊ नका.

वाटेत जंगल कसं आहे?

हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड वन्यजीव अभयारण्यात येतो. १९८६ मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्याचं क्षेत्र सुमारे ३६१ चौरस किलोमीटर आहे. हिरडा, बेहडा, जांभूळ, आंबा, करवंदाच्या जाळ्या आणि उतारांवर कारवी. कारवी सात वर्षांतून एकदा सामूहिक फुलते, तेव्हा डोंगर जांभळा दिसतो. बिबट्या, भेकर, रानडुक्कर हे इथले रहिवासी. ते दिसतीलच असं नाही, पण आपण त्यांच्या घरात आहोत हे लक्षात ठेवायचं. स्पीकर नको, जाळ नको, प्लॅस्टिक मागे नको.

पायथ्याच्या गावांत महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती आहे. सुट्टीच्या दिवशी वाटेवर आणि गडावर लिंबू-सरबत, पिठलं-भाकरी मिळते ती या गावकऱ्यांमुळे. वाटाड्याही गावातच मिळतो. पहिल्या खेपेला घ्याच.

वर काय पाहायचं?

हरिश्चंद्रेश्वर मंदिर: सुमारे १६ मीटर उंच, पूर्ण दगडी आणि कोरीव. चांगदेवांनी इथे तप केलं आणि 'तत्त्वसार' हा ग्रंथ लिहिला, अशी मान्यता आहे. समोर सप्ततीर्थ ही पायऱ्यांची पुष्करणी आहे.

केदारेश्वराची गुहा: कंबरभर गार पाण्यात मोठं शिवलिंग आणि भोवती चार खांब, त्यातला एकच आता शाबूत. चार खांब म्हणजे चार युगं आणि शेवटचा खांब पडेल तेव्हा कलियुग संपेल, अशी आख्यायिका आहे.

तारामती शिखर: मंदिरामागून चढून जायचं. हवा स्वच्छ असेल तर इथून माळशेजचा परिसर आणि भोवतालच्या रांगा दिसतात.

कोकणकडा: मंदिरापासून अर्ध्या तासाच्या आत. कडा सरळ उभा नाही, तो नागाच्या फणीसारखा आत वळलेला आहे. खालचा कोकणातला मुलूख हजार मीटरच्या आसपास खोल आहे.

हा कडा बेसाल्टचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले आणि दख्खनचं पठार तयार झालं. याच खडकाची झीज होऊन काळी माती बनते. परभणीतली कापसाची जमीन आणि कोकणकडा एकाच दगडाची लेकरं आहेत.

इंद्रवज्र म्हणजे काय?

कोकणकड्यावरून कधी कधी दरीतल्या धुक्यात पूर्ण गोल इंद्रधनुष्य दिसतं आणि त्याच्या मधोमध आपलीच सावली. १८३५ सालची कर्नल साईक्स यांची याबद्दलची नोंद प्रसिद्ध आहे.

कारण साधं आहे. सूर्य पाठीमागे आणि समोर खाली धुकं हवं. धुक्याच्या बारीक थेंबांवरून प्रकाश उलटा फिरून डोळ्यांकडे येतो आणि रंगांची कडी दिसतात. कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून सूर्य पाठीशी असतो तो सकाळी. सायंकाळी गेलात तर सूर्यास्त मिळेल, इंद्रवज्र नाही. आणि सकाळीही ते धुक्याच्या मर्जीवर.

एका दिवसात होतो का?

होतो, पण घड्याळ पाळलं तर.

परभणीहून रस्त्यानं हे अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणून 'एक दिवस' म्हणजे गडावरचा एक दिवस. प्रवास वेगळा. रात्रभर गाडी चालवून सकाळी थेट चढायला लागू नका. झोप न झालेला ड्रायव्हर हा या ट्रेकमधला मोठा धोका आहे, आणि तो परतताना जास्त असतो. आदल्या रात्री पायथ्याच्या गावात मुक्काम करा.

रेल्वेनं जायचं तर परभणीहून मनमाडमार्गे मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या आहेत. नाशिकला उतरून घोटी, राजूर करत पाचनई गाठता येतं. खिरेश्वरसाठी कल्याणला उतरून माळशेज घाटातून आळेफाट्याकडे जाणारी एसटी धरायची, खुबी फाट्यावर उतरायचं आणि धरणाच्या कडेनं चालत जायचं.

पाचनईच्या वाटेचा दिवस साधारण असा आखा:

सकाळी ६: पायथ्यातून निघणे.
सकाळी ९: मंदिर परिसर, थोडा नाश्ता.
सकाळी ९.३०: कोकणकडा.
सकाळी ११.३०: केदारेश्वर, मंदिर, जेवण. दम असेल तर तारामती.
दुपारी २.३०: उतरायला सुरुवात.
सायंकाळी ५: पायथा.

खिरेश्वरमार्गे जाणार असाल तर पहाटे आणखी लवकर निघा आणि तारामती सोडून द्या. दुपारी दोनपर्यंत कुठेही असाल तरी मागे फिरा. कोकणकड्याचा सूर्यास्त आणि त्याच दिवशी उतरणं या दोन्ही गोष्टी एकत्र जमत नाहीत. सूर्यास्त पाहायचा म्हणजे जंगलातून अंधारात उतरायचं.

कधी जायचं?

ऑक्टोबर ते फेब्रुवारी सर्वांत चांगला काळ. जून ते सप्टेंबर हिरवळ आणि धबधबे असतात, पण दाट धुकं, निसरडे कातळ आणि फुगलेले ओढेही असतात. ओढ्याचं पाणी गुडघ्यावर आणि वेगात असेल तर ओलांडू नका, ओसरायची वाट पाहा. मार्चनंतर ऊन आणि पाण्याची टंचाई.

काय न्यायचं, काय टाळायचं?

माणशी तीन लिटर पाणी, मीठ-साखर किंवा ओआरएस, भाकरी-चटणी, गूळ-शेंगदाणे, चिक्की. पकड असलेले बूट, पूर्ण बाह्यांचे कपडे, टोपी, शिट्टी, जास्तीच्या सेलसह टॉर्च, पॉवरबँक. दिवसा उतरायचं असलं तरी टॉर्च हवाच. मोबाइलला रेंज सगळीकडे मिळत नाही, म्हणून नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा आणि कुठल्या वाटेनं जाणार, किती वाजता उतरणार हे घरी सांगून ठेवा. अडचणीत रेंज मिळताच ११२ ला फोन करा.

कोकणकड्यावर काठापासून अंतर ठेवा. तिथे वारा अचानक वाढतो. खाली पाहायचंच असेल तर दोघांनी पाय धरावेत आणि पालथं झोपून पाहावं. उभ्यानं सेल्फी घेऊ नका. कड्यांवर आग्या मोहोळं असतात, तेव्हा धूर आणि भडक अत्तर टाळा.

परभणीत सराव कुठे करायचा?

परभणी जिल्हा गोदावरी, पूर्णा, दुधनेच्या खोऱ्यातला, म्हणून बहुतेक सपाट. पण उत्तरेला जिंतूर भागात डोंगररांगा आहेत आणि दक्षिणेला गंगाखेडकडे बालाघाटची टोकं. जिंतूरजवळचा नेमगिरी जैन लेण्यांसाठी प्रसिद्ध आहे. चढ फार मोठा नाही आणि ते तीर्थक्षेत्र आहे, तिथल्या शिस्तीनंच जायचं. महिनाभर आधीपासून दर रविवारी पाच-सहा किलोंची पिशवी पाठीवर घेऊन अशा टेकड्या किंवा एखाद्या इमारतीचे जिने चढा-उतरा. उतरण्याचा सराव जास्त करा, कारण उतारावर गुडघे बोलतात.

थोडक्यात

पहिल्यांदा जात असाल तर पाचनईची वाट, वाटाड्या, पहाटेची सुरुवात आणि दुपारी परत. धुकं उतरलं किंवा कुणाचे पाय थकले तर अर्ध्यातून माघारी यायला लाजू नका. गड तिथेच आहे. मंगळगंगेचा ओढा ओलांडताना मात्र क्षणभर थांबा. त्याच्या काठावर तुम्ही टाकलेली बाटली पुढच्या पावसात तुमच्याच खोऱ्यात वाहून येणार आहे.