कोळशाची वीज, पाण्याचा हिशेब

महाराष्ट्राच्या विजेचा इतिहास लिहिताना आपण दोन कप्पे करतो. एक पाण्याच्या विजेचा : १९१५चं खोपोली, मुळशी, कोयना. दुसरा कोळशाचा : कोराडी, चंद्रपूर, परळी. मुळशीच्या सत्याग्रहामुळे पहिल्या कप्प्याची किंमत आपल्याला ठाऊक आहे. दुसऱ्याबद्दल बोलताना मात्र आपण धूर आणि राखेपाशी थांबतो. ही विभागणीच मला फसवी वाटते.

औष्णिक केंद्रात कोळसा पाणी तापवतो. टर्बाइन फिरवते ती वाफ. काम झालेली वाफ थंड करून पुन्हा बॉयलरमध्ये नेतात, त्यामुळे ते पाणी फारसं संपत नाही. संपतं ते तिला थंड करणारं दुसरं पाणी. कूलिंग टॉवरच्या तोंडून निघणारा पांढरा लोट धूर नव्हे (गाडीच्या खिडकीतून पाहून कुणीतरी हमखास ‘केवढा धूर!’ म्हणतंच), तो धरणातल्या पाण्याचा असतो. डिसेंबर २०१५मध्ये केंद्र सरकारनं जुन्या केंद्रांना मर्यादा घातली : मेगावॅट-तासाला साडेतीन घनमीटर पाणी. म्हणजे बिलावरच्या एका युनिटमागे साडेतीन लिटर. या दरानं २१० मेगावॅटचा एक संच पूर्ण क्षमतेनं चालला, तर दिवसाला पावणेदोन कोटी लिटर पाणी लागतं.

ट्रॉम्बेच्या केंद्राला शेजारी समुद्र होता. परळीला काय होतं? कोळशाची खाण जवळ नाही. कोळसा रेल्वेनं दुरून यायचा. पाणी माजलगाव धरणाचं आणि गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्याचं. माजलगावला पैठणच्या उजव्या कालव्याचा आधार, म्हणजे तेही पुन्हा गोदावरीवरच. तरीही १९७१पासून इथं संच उभे राहत गेले : आधी ३० मेगावॅटचे, मग २१०चे, २००७ आणि २०१०मध्ये २५०चे. मागास मराठवाड्याला उद्योग हवा होता, ही मागणी रास्तच होती. पण दुष्काळी पट्ट्यात इतकी तहान असलेलं केंद्र वाढवत नेताना गोदावरीचा हिशेब कुणी कितपत मांडला, हा प्रश्न मला सोडत नाही.

उत्तर नदीनंच दिलं. फेब्रुवारी २०१३मध्ये पाण्याअभावी केंद्र बंद पडलं. जुलै २०१५मध्ये पुन्हा, आणि या वेळी वर्षभराहून अधिक काळ. कोळशाचा तुटवडा हे कारण आपल्या ओळखीचं. इथं पाणी नव्हतं म्हणून भट्ट्या विझल्या. त्याच दुष्काळात, एप्रिल २०१६मध्ये, शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं. परळीचे संच तेव्हाही थंडच होते. त्या वर्षीच्या पावसानं धरणं भरली, तेव्हा कुठे ते पुन्हा पेटले.